चू. भू. द्या. घ्या.

आदल्या रात्री नूबिया काइसेदो
डाव्या तर्जनीचं नेलपॉलिश पुसते.
एकच नख उघडं हवं, ऑक्सिजन मोजायच्या चिमट्याला.
बाकीची नऊ ती लालच ठेवते, हट्टानं.
अंगठी साबणानं निघत नाही.
मी बोटाला दोरा घट्ट गुंडाळते
आणि एकेक वेढा सोडवत अंगठी वर आणते.
खाली पांढरा, ओलसर वळ.
ती म्हणते, नवरा केव्हाच सुटला,
ही बसली होती अडकून.

दहा दिवस ॲस्पिरिन बंद, लसणाच्या गोळ्या बंद,
मध्यरात्रीनंतर पाण्याचा घोटही नाही.
सिगारेट? सर्जनला म्हणाली, कधीच सोडली.
भूल देणाऱ्याला म्हणाली, दिवसाला दोन.
सर्जनच्या कागदावर वय चोपन्न,
भूल देणाऱ्याच्या कागदावर एकसष्ट.
पुढचे दोन दात कवळीचे, तेही त्यालाच,
लेकीला कॉफी आणायला धाडून.
या काली शहरात बायका पाद्र्याशीही
थोडं इकडंतिकडं करून बोलतात.
झोपवणाऱ्याशी नाही.

मी रात्रपाळीची. डोंगराच्या पायथ्याशी
सहा खाटा आणि एक मागं रेलणारी खुर्ची,
एवढंच हे घर. क्लिनिकमधून बायका इथं येतात,
चेहऱ्याला पट्टे, कानामागून नळ्या.
नळ्यांतलं लालसर पाणी मी मोजते, वहीत लिहिते:
नूबिया, रात्री दोन, तीस मिली.
पहाटे सहा, बावीस.
उताणं झोपायचं, उशा तीन. हसायचं नाही.
न्हाणीघरातल्या आरशावर पाचव्या दिवसापर्यंत
माझा निळा टॉवेल.

भूल आधी पायांतून उतरते,
मग जिभेवरून, तरी ती अर्ध्या वाक्यात थांबून
बस आली का विचारते.
तीस वर्षं बसस्टँडवर लॉटरीचे आकडे विकले तिनं.
शंभरापासून उलटं मोजा, असं सांगितल्यावर म्हणे
तिला वाटलं गिऱ्हाईक घासाघीस करतंय.
शंभर, नव्व्याण्णव, अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव.
"सत्त्याण्णव पुरा बोलले. शहाण्णव माझा नाही."

शेजारच्या खाटेवरची युरानी, वय तेवीस, नाक,
त्र्याण्णवपर्यंत गेली होती, आणि तिला त्याचा गर्व होता.
न्यू जर्सीहून आलेल्या कोन्सुएलोला काहीच आठवेना.
ती इंग्रजीत मोजत होती.

तिसऱ्या दिवशी सगळ्या रडतात.
कुणी सांगून ठेवलं तरी रडतात.
सूज डोळ्यांवर उतरलेली, गाल वांग्याच्या रंगाचे,
आणि पैसे देऊन झालेले.
नूबिया आवाज न करता रडली,
टाक्यांना धक्का लागू नये म्हणून तोंड न हलवता.
मी अननसाचा रस दिला. काही म्हटलं नाही.
चारला डोंगरावरून वारा आला
आणि पडदा तिच्या पायांवर येऊन पडला.
मग तीच म्हणाली, चल, आकडा लावू.
सत्त्याण्णव माझा, त्र्याण्णव पोरीचा.
भाच्याला फोन. शुक्रवारची सोडत.

शुक्रवारी रेडिओ उशीवर ठेवून तिघी कान देऊन बसल्या.
शून्य चार एक दोन.
जवळपासही नाही.
नूबियाला हसू फुटलं, दोन्ही हातांनी गाल धरून
हसू नका गं, हसू नका गं, म्हणत हसली,
आणि तसंच उठून न्हाणीघरात गेली.
टॉवेल मी काढला नव्हता. तिनं काढला.

बराच वेळ आतून नळाचाही आवाज नाही.
मी दार ढकललं.
ती आरशाच्या अगदी जवळ, पिवळट, कानाशी काळे टाके,
कवळी हातात.
म्हणाली, हिला मी ओळखते.
ही माझी थोरली बहीण मारुहा.
चाळिशीत गेली. माझे पैसे बुडवून गेली.
आणि आरशातलीकडं बोट केलं,
तेच एक बोट, बिनरंगाचं.

नवव्या दिवशी लेक टॅक्सी घेऊन आली.
वहीत मी हिशोब मिटवला:
नऊ रात्री, जेवण, कापूस, फोन दोन.
नळ्या काढल्या चौथ्या दिवशी, शेवटचं पाणी आठ मिली.
अंगठी ड्रॉवरमध्येच आहे.
विसरली की ठेवून गेली, विचारलं नाही.
चू. भू. द्या. घ्या.